आईचं वेगळं पान

मोठं पातेलं उतरवताना गेक लियानच्या लक्षात आलं, की आपण कोणालातरी हाक मारायला तोंड उघडलंय. तिने ते मिटलं, पातेल्याच्या कानांना फडकी लावली आणि एकटीनेच ते ओट्यावर ठेवलं.

बदक हाडापासून सुटायला आलं होतं. खारवलेला मोहरीचा पाला मऊ पडून सूपात उतरला होता. कोंबडी अख्खी वाफवून झाली होती, डोकं-पायांसकट, पितरांना लागते तशी. पापलेटं आल्याच्या कापांवर पहुडली होती, डुकराचं मांस काळ्या सोयात मुरत होतं, सुक्या माकुळाबरोबर परतलेला कंदाचा कीस झाकणाखाली निवत होता. गेल्या वर्षी याच वेळी आई स्वयंपाकघराच्या दारात चाकांच्या खुर्चीत बसून डाव्या हाताने हुकूम सोडत होती. उजवा हात मांडीवर असायचा, कोणीतरी विसरून गेलेल्या वस्तूसारखा.

मलेशियातल्या तायपिंगच्या त्या गल्लीत सकाळपासून तेलात लसूण पडल्याचा वास भरून राहिला होता. उद्यापासून चिनी नवं वर्ष. सगळ्या दारांवर लाल कापडं चढली होती. गेक लियानच्या दारावर काही नव्हतं. आईला जाऊन अजून वर्ष भरलं नव्हतं, आणि वर्ष न भरलेल्या घरात लाल लावत नाहीत. तांदळाचा चिकट गोड केकही घरी वाफवत नाहीत. तो शेजारच्या लिमबाईंनी केळीच्या पानात बांधून आणून दिला होता, तोही उंबऱ्याबाहेर उभं राहून.

पण पितरांना जेवू घालणं चुकत नाही, आणि पितर जेवले की घरच्यांनी एकत्र जेवणंही. मोठा भाऊ बेंग च्वान क्वालालंपूरहून येणार होता, धाकटा बेंग कियात सिंगापूरहून, बायका-मुलांसकट. मोठ्या भावाला ती आणि धाकटा दोघंही 'हिया' म्हणत आली होती. त्या हियाचा गेल्या पंधरवड्यात फोन आला होता.

“लियान, वर्ष भरलं की आईच्या उदबत्त्यांची राख पितरांच्या भांड्यात मिसळायची. त्यानंतर देव्हारा इकडे केएलला आणावा म्हणतो. मोठा मुलगा मी. किती दिवस तुझ्या गळ्यात ठेवायचा?”

“माझ्या गळ्यात काही नाही, हिया.”

“तसं नव्हे गं. पण नव्या वर्षाला सगळे जमणारच आहोत, तर आईलाच विचारून टाकू. सगळ्यांसमोर नाणी टाकू. हो म्हणाली तर हो, नाही म्हणाली तर विषय संपला.”

गेक लियान बरं म्हणाली होती. दुसरं काय म्हणणार? पण फोन ठेवल्यावर ती बराच वेळ देव्हाऱ्यासमोर उभी राहिली. देव्हारा जिथे, तिथे या दिवसाचं जेवण. तो गेला की पुढल्या वर्षी या घरात कोणी येणार नव्हतं. ती स्वतः पिशवी घेऊन आगगाडीने जाणार, पाहुणी म्हणून. आणि जिथे जाणार, तिथल्या देव्हाऱ्यात तिला पुढेही कधी जागा नव्हती. लग्न न झालेल्या मुलीच्या नावाची पाटी बापाच्या घरच्या पितरांत बसत नाही. आईने तिच्यासाठी टेकडीखालच्या देवळात एक कोनाडा आधीच सांगून ठेवला होता, आणि ही गोष्ट तिला सांगताना आई तिच्याकडे न बघता शेंगा सोलत राहिली होती.

आईने नाही म्हणावं, एवढंच गेक लियानला हवं होतं. ते तिने कोणाजवळ बोलून दाखवलं नव्हतं.

ओटा आवरून ती पुढच्या खोलीत आली आणि देव्हाऱ्यासमोरच्या मोठ्या टेबलावर पानं मांडू लागली. प्रत्येकाला एक वाडगा, एक चमचा, जेवायच्या काड्यांची जोडी, चहाचा पेला. पणजोबा-पणजी, आजोबा-आजी, मग वडील. वडिलांचं पान मांडून झाल्यावर ती थबकली. आईचं उदबत्त्यांचं भांडं अजून खोलीच्या कोपऱ्यातल्या छोट्या टेबलावर होतं, तिच्या फोटोपुढे. गेले कित्येक महिने गेक लियान तिथेच भात ठेवत होती. पण आज? सगळं घर जमणार, आणि आईने तिकडे कोपऱ्यात, सगळ्यांकडे पाठ करून एकटीने जेवायचं?

तिने आईचा निळ्या काठाचा वाडगा आणला आणि वडिलांच्या शेजारी ठेवला. कोणाला विचारलं नाही. विचारायला घरात कोणी नव्हतंच.

दुपारी गाड्या आल्या आणि घर एकदम आवाजाने भरलं. चपलांचा ढीग पडला. कियातने आल्या आल्या पंख्याखाली उभं राहून शर्टाची बटणं सोडली.

“ची,” तो थोरल्या बहिणीला म्हणाला, “एसी लाव गं आधी. माणूस वाफवून निघतोय.”

“सिंगापूरला राहून याचं रक्त पातळ झालंय,” हिया म्हणाला. “इथेच या फरशीवर उघडा लोळायचास, विसरलास का?”

“तेव्हा मी बारीक होतो.”

“तेव्हा तू उपाशी होतास. माझ्या ताटातलं पळवायचास.”

हियाची बायको, जिला सगळे 'सो', म्हणजे वहिनी, म्हणत, स्वयंपाकघरात डोकावून आली आणि गालावर हात ठेवून उभी राहिली. “अगं, एवढं सगळं तू एकटीने केलंस? बाहेरून मागवलं असतं की. आमच्या बिल्डिंगमधले सगळे आता हॉटेलातच टेबल राखून ठेवतात. भांडी नाहीत की पसारा नाही.”

“बाहेरचं आईला चालायचं नाही, सो.”

“ते आहेच,” सो म्हणाली, आणि तिने पदार्थ बाहेर न्यायला मदत केली.

हियाच्या मुलाची बायको मे यी पोटुशी होती, सातव्या महिन्याची. ती दाराजवळच्या खुर्चीत टेकली आणि तिने देव्हाऱ्याकडे जरा लांबूनच हात जोडले. कोपऱ्यातल्या छोट्या टेबलाकडे तिने पाहिलं नाही. तिला तसं सांगूनच आणलेलं असणार.

वाफाळते पदार्थ टेबलावर आले. हियाने उदबत्त्या पेटवून पितरांना जेवायला बोलावलं. मागे ओळीने सगळ्यांनी नमस्कार केला. उदबत्त्या निम्म्या जळेपर्यंत थांबायचं होतं. मुलं फोनमध्ये डोकी घालून बसली. मग हियाने देव्हाऱ्यातल्या बशीतली दोन जुनी नाणी उचलली. तांब्याची, एका बाजूला लाल ठिपका दिलेली. एक लाल आणि एक कोरं पडलं, की उत्तर ‘हो’, पितरांचं जेवण झालं. मग टेबलावरचं घरच्यांनी घ्यायचं. दोन्ही सारखी पडली तर थांबायचं.

“आजोबा, आजी, बाबा, सगळे पोटभर जेवलात का?” हियाने विचारलं आणि नाणी टाकली.

दोन्ही कोरी.

“जेवताहेत अजून,” सो म्हणाली. “घाई कशाला करायची.”

जरा वेळाने त्याने पुन्हा टाकली. दोन्ही लाल.

“हसताहेत,” कियात म्हणाला. “दोन्ही लाल म्हणजे हसणं ना? तुझ्या पोटाला हसताहेत, हिया.”

“गप रे. कोंबडीबरोबरची चटणी कुठाय? चटणी नाही ठेवलेली!”

चटणी आली. तरी कोरी-कोरी. मग कोणाला तरी आठवलं, की बाबांना जेवणाबरोबर बिनसाखरेची काळी कॉफी लागायची. गेक लियानने कॉफी करून आणली. लाल-लाल. मग हियाची नजर पुढच्या दाराकडे गेली.

“दार कोणी लावलं?”

“मी,” कियात म्हणाला. “एसी चालू आहे ना.”

“शहाणाच आहेस! पितर काय खिडकीतून येणार? एवढा वेळ ते बाहेर उन्हात उभे आहेत, आणि आपण इथे विचारतोय, जेवलात का!”

सगळे खो-खो हसले. कियातने धावत जाऊन दार सताड उघडलं, आणि बाहेरची गरम हवा आत घुसली. हियाने पुन्हा उदबत्त्या लावल्या, पुन्हा बोलावलं, पुन्हा थांबला. नाणी टाकली.

कोरी-कोरी.

या वेळी कोणी हसलं नाही. सूपावर चरबीची साय धरायला लागली होती. मागून कोणीतरी पुटपुटलं, की पोटात कावळे ओरडताहेत. सो म्हणाली, “या मे यीला तरी बिस्कीट द्या काहीतरी, दोन जिवांची आहे,” आणि मग आवाज खाली आणून, अगदी प्रेमाने, “लियान, बदकात काही घालायचं राहिलं नाही ना गं?”

“नाही, सो.”

“नाही, आपलं विचारलं. आईंच्या हाताची सवय ना सगळ्यांना.”

गेक लियान कोंबडीच्या ताटाकडे बघत उभी राहिली. सगळ्यांनी चटकन दुसरीकडे नजर वळवली. हिया नाणी तळहातावर खुळखुळवत होता. तिच्या स्वयंपाकाला घरच्या मेलेल्या माणसांनी तोंड लावलं नव्हतं, आणि जिवंत माणसं तिला त्याबद्दल काही बोलायला धजत नव्हती.

तेवढ्यात उघड्या दारातून छत्री आत आली आणि तिच्यामागून तुआ कोर. वडिलांची थोरली बहीण, ऐंशी उलटलेली, दोन गल्ल्या पलीकडे राहणारी. हातात लोणच्याची बरणी.

“हे काय? अजून बसला नाहीत? मला वाटलं माझ्यासाठी नुसती हाडं उरली असतील.”

“कोर, पितर उठतच नाहीयेत हो,” हिया म्हणाला. “चटणी दिली, कॉफी दिली, दार उघडलं. आता काय, पान-सुपारी देऊ?”

तुआ कोरने बरणी सोच्या हातात दिली, गळ्यातला चष्मा डोळ्यांवर चढवला आणि टेबलाला एक फेरी घातली. एकेका पानाशी थांबत, तोंडातल्या तोंडात नावं घेत. वडिलांच्या पानाशी ती थांबली.

“हे शेजारचं कोणाचं?”

“आईचं,” गेक लियान म्हणाली.

“इथे कोणी मांडलं?”

“मी.”

तुआ कोरने चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. “अगं वेडाबाई, तिचं वर्ष भरलंय का? तिची राख अजून वेगळ्या भांड्यात आहे ना? मग तिला या पंगतीत कोण बसू देईल? माझ्या आईला तू पाहिलं नाहीस. लग्न होऊन आली तेव्हा तुझ्या आईला तिने वर्षभर टेबलाशी बसू दिलं नव्हतं, सगळ्यांचं झाल्यावर मागच्या दारात बसून जेवायची ती. ती म्हातारी मेल्यावर सुधारली असेल असं वाटतं तुला? तुझी आई बिचारी तिथे उभी असेल ताटकळत, आणि हे सगळे काड्या खाली ठेवून तोंड फुगवून बसलेत.”

हियाने मांडीवर थाप मारली. “सापडलं! आजीचा खाक्या!” सगळ्या घरात हास्याची लाट उसळली. एवढा वेळ सगळ्यांचा जीव टांगणीला लागलेला, तो सुटला. गेक लियानही थोडीशी हसली, कारण सगळे तिच्याकडे बघत होते.

तिने निळ्या काठाचा वाडगा उचलला. काड्या, चमचा, पेला. कोपऱ्यातल्या छोट्या टेबलावर तिने आईचं पान मांडलं. प्रत्येक पदार्थातलं थोडं थोडं वेगळं काढून आणलं. पापलेटाच्या गालाचं मांस आईला आवडायचं, ते काडीने अलगद सोडवून भातावर ठेवलं. आईच्या भांड्यात उदबत्ती खोचली. “इथेच बस गं,” ती हळूच म्हणाली. “एवढं वर्ष.”

हियाने मोठ्या टेबलाशी नाणी टाकली. एक लाल, एक कोरं. पहिल्याच फटक्याला.

“जेवले!” मुलं ओरडली. खुर्च्या सरकल्या.

“थांबा, थांबा,” हिया म्हणाला. “आईला विचारायचं तेही उरकून घेऊ. एकदा पोटात अन्न गेलं की मला झोप येते.”

एवढ्या गोंधळात गेक लियानला वाटलं होतं, की तो विसरला.

“बाबांना नको विचारायला?” कियात म्हणाला.

“बाबांनी आयुष्यात एक तरी गोष्ट स्वतः ठरवली का? तेही आईलाच विचारायचे.” हिया कोपऱ्यात आला आणि नाणी त्याने गेक लियानच्या हातात दिली. “तू टाक. माझं आज कोणी ऐकत नाहीये. तुझ्याशी ती सरळ बोलेल.”

नाणी त्याच्या घामाने ओली झाली होती. सगळे तिच्या मागे येऊन उभे राहिले. मे यी मात्र दाराजवळच होती. प्रश्न मोठ्याने विचारायचा असतो. तो आणखी एका तऱ्हेने विचारता आला असता. गेक लियानने पंधरवडाभर तो मनात घोळवला होता. ‘हे घर सोडून जाशील का?’ असं विचारलं असतं तर आईला जड गेलं असतं.

“आई,” ती म्हणाली, “हिया तुला केएलला न्यायचं म्हणतोय. बाबा, आजी, सगळ्यांसकट. तिकडे जाशील का?”

तिने नाणी टाकली. एक हियाच्या पायाशी पडलं, लाल. दुसरं फरशीवर घरंगळत गेलं आणि छोट्या टेबलाच्या पांढऱ्या कापडाखाली शिरलं.

“बघ गं तू,” हिया म्हणाला. “मी वाकलो तर मला उठवायला माणसं बोलवावी लागतील.”

ती गुडघ्यांवर बसली आणि कापड वर करून तिने डोकं आत घातलं. आत अंधार होता, धुपाचा आणि जुन्या लाकडाचा वास होता. नाणं भिंतीला टेकून आडवं पडलं होतं. डोळे सरावले तसं दिसलं. कोरं.

एक लाल, एक कोरं.

तिने हात पुढे केला. बोट नाण्याच्या काठाला लागलं. नखाने उलटायचं, बस. मागे एवढी माणसं होती, पण कापडाच्या आत ती एकटीच होती.

“काय म्हणतेय?” बाहेरून हियाने विचारलं.

असंच विचारायचा तो. झटका आल्यापासून आईचे शब्द तोंडातल्या तोंडात विरघळायचे. डॉक्टरांना कळायचे नाहीत, मुलांना कळायचे नाहीत, फक्त गेक लियानला कळायचे. ती फोन आईच्या तोंडाशी धरायची, मग आपल्या कानाशी आणायची, आणि तिकडून प्रश्न यायचा, काय म्हणतेय? ती सांगायची. वहिनीने पाठवलेला ब्लाउज काखेत टोचतोय म्हणतेय. कियात जाड झालाय म्हणतेय. हियाला सांग, गाडी सावकाश चालव. एकदा आई म्हणाली होती, मला बेंग च्वानकडे जायचंय, थोडे दिवस त्याच्या घरी राहायचंय. तिला ते ऐकायला नको होतं, पण तिने ते जसंच्या तसं फोनवर सांगितलं होतं. हिया म्हणाला होता, बघू, सध्या घराचं काम काढलंय, धूळ आहे फार. तेही तिने जसंच्या तसं आईला सांगितलं होतं. मग घराचं काम संपलं, आणि त्यानंतर आई पुन्हा कधी तसं म्हणाली नाही. इतक्या वर्षांत गेक लियानने आईचा एक शब्द इकडचा तिकडे केला नव्हता.

तिने बोट मागे घेतलं.

“हो म्हणतेय,” ती म्हणाली, आणि सगळ्यांना दिसावं म्हणून कापड वर धरून बाजूला झाली.

हिया खाली वाकला, गुडघ्यांवर हात टेकून, कष्टाने. त्याने नाणं पाहिलं आणि तसाच वाकलेला राहिला. मग सरळ होऊन तो नाक शिंकरायला गेला.

“मुलाने मागितलं आणि ती नाही म्हणाली, असं कधी झालंय?” तुआ कोर म्हणाली. “चला आता, नाहीतर यंदा मलाही तुम्ही त्या टेबलावर बसवाल.”

मग जेवण झालं, आणि चांगलं झालं. दोन गोल टेबलं जोडूनही माणसं मावत नव्हती. गेक लियान सूप गरम करून आणत होती, भात आणत होती, बर्फ आणत होती. जो तो तिला म्हणत होता, “बस ना गं आता.” तिने हसून मान हलवली, की तो पुन्हा वाडग्यात बघे.

“सूपात मीठ कमी आहे,” तुआ कोर म्हणाली.

“छान आहे हो, कोर,” सो म्हणाली. “हल्ली कमीच बरं. यांचं बीपी बघा.”

“बीपी त्याचं आहे, माझ्या सूपाचं नाही.”

हिया खुशीत होता. देव्हारा नेमका कुठे ठेवायचा हे तो काड्यांनी टेबलावर आखून दाखवत होता. चपलांचं कपाट हलवायचं, भिंत मोकळी होते, तोंड पूर्वेला येतं. सोला कपाट हलवायचं नव्हतं. दोघांची त्यावरून जुंपली आणि कियात दोघांनाही चढवत होता. आईची राख तोपर्यंत मोठ्या भांड्यात मिसळलेली असेल, हिया म्हणाला, म्हणजे तिचंही पान बाबांच्या शेजारी. आता आजी काही बोलू शकणार नाही.

“आणि लियान, तू पुढल्या वर्षी चार दिवस आधीच ये. सुनेला बदक शिकव. नाहीतर आमच्याकडे हॉटेलचा डबा पितरांपुढे ठेवतील.”

“येईन.”

“हॉलमधला सोफा उघडतो,” सो म्हणाली. “छान पलंग होतो त्याचा. फक्त सकाळी जरा लवकर मिटावा लागेल.”

“चालेल, सो. मी लवकरच उठते.”

मोठ्या टेबलावरचं सगळं फस्त झालं. कोपऱ्यातल्या टेबलावरचं कोणी घेतलं नाही. वर्ष न भरलेल्याच्या पानातलं बाहेरच्याने खायचं नसतं, आणि भाऊ या घरचे असले तरी आता इथे राहणारे नव्हते. पोरं त्या टेबलाला वळसा घालून जात-येत होती.

उन्हं कलली तशी सगळे उठले. मे यीने शोकाच्या घरात रात्र काढायची नव्हती, म्हणून हियाने तळ्याजवळच्या हॉटेलात खोल्या घेतल्या होत्या. मग एकट्या हियानेच का, म्हणून कियातनेही घेतल्या होत्या. भांडी घासायला सो बाह्या वर करून आली, गेक लियानने तिला हात लावू दिला नाही. डबे भरून झाले. चपलांचा ढीग विरघळत गेला. आशीर्वाद, मिठ्या, गाडीची दारं.

तुआ कोरला कियात सोडणार होता. ती गाडीत बसता बसता थांबली आणि तिने गेक लियानचं मनगट धरलं.

“उद्या माझ्याकडे ये म्हणाले असते,” ती म्हणाली.

“माहितेय, कोर. वर्ष भरेपर्यंत नव्या वर्षाचं कोणाच्या दारात जायचं नाही.”

“रीत आहे, काय करणार.” तिने मनगट सोडलं नाही. “तू नाणं उलटवलं असतंस तरी मी काही बोलले नसते.”

गेक लियानने तिच्याकडे पाहिलं. म्हातारी गाडीत बसली आणि तिने छत्री मांडीवर आडवी घेतली. कियातने भोंगा वाजवला.

घर एकदम रिकामं झालं. आधीपासून रिकामं असतं, ते वेगळं. खुर्च्या जिथे तिथे सरकलेल्या होत्या, माणसं आत्ता उठून गेल्यासारख्या. एसी अजून चालूच होता आणि दार सताड उघडं. तिने एसी बंद केला. दार मात्र तसंच राहू दिलं. समोरच्या घरात टीव्हीवर नव्या वर्षाची गाणी लागली होती आणि लिमबाई कोणाला तरी ओरडत होत्या.

तिने भांडी पाण्यात टाकली आणि मग तशीच सोडून ती बाहेर आली. आईची उदबत्ती कधीच विझली होती. भात वाळला होता, पापलेटाचा तुकडा कडेने ताठ झाला होता. पान आता उचलायला हरकत नव्हती. घरी राहणारं एक माणूस होतं, त्याने ते खायचं होतं. तिने आतून स्वतःचा वाडगा आणला, एक स्टूल ओढलं आणि छोट्या टेबलाशी बसली. बसल्यावर कळलं, की इथून खरंच काही दिसत नाही. भिंत, फोटो आणि आपले हात.

फोन वाजला. हिया.

“पोचलो गं. खोल्या बऱ्या आहेत. कियात खोली बदलून मागतोय, त्याला तळ्याच्या बाजूची हवी. आमची दमणूक झाली, तुझी तर किती झाली असेल. जेवलीस ना तू?”

दिवसभरात हे तिला पहिल्यांदाच कोणीतरी विचारलं होतं. तिने वाडग्यात पाहिलं. आईच्या पानातलं सूप तिने त्यात ओतून घेतलं होतं. ते थंड होतं आणि त्याला खरोखर मीठ नव्हतं.

“जेवतेय,” ती म्हणाली.

“सावकाश जेव. आणि आईचं पान आवरलंस का? की राहिलंय?”

गालाचं ते मांस भातावर तसंच होतं, तिने काडी लावली नव्हती. पलीकडे कोणीतरी हियाला हाका मारत होतं.

“लियान?”

“अजून नाही आवरलं,” ती म्हणाली. “तिला वेळ लागतो रे जेवायला.”